आधी ऐकावे, मग बदलावे

तुमच्या घरात अशी एखादी तरी व्यक्ती नक्की असेल, जिच्या हाताला माप लागत नाही. मीठ चिमटीने, तिखट नजरेने, पाणी अंदाजाने, आणि तरीही पदार्थ रोज तितकाच रुचकर! "किती घातलंत?" असे विचारले तर उत्तर येते, "बेताचं." अशा व्यक्तीच्या हाती कोणी लिहून दिलेली पाककृती दिली तर काय होते, हेही तुम्ही पाहिले असेल. पहिल्या दोन ओळी नीट पाळल्या जातात. तिसऱ्या ओळीला कागदावर नसलेला कढीपत्ता पातेल्यात पडतो. चौथ्या ओळीला तो कागदच ओट्यावरून बाजूला सरकतो.

आपण यावर हसतो आणि सोडून देतो. पण या छोट्याशा गोष्टीत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याने सांगितलेले जसेच्या तसे पाळावे, की आपल्या बुद्धीने त्यात बदल करावा? पाळणे ही लाचारी आहे का? बदलणे हे स्वातंत्र्य आहे का? हा प्रश्न स्वयंपाकघरात पडतो, तसाच कामाच्या ठिकाणी, सेवाकार्यात आणि रोजच्या उपासनेतही पडतो. आज आपण तो सुपाच्या एका पातेल्याजवळ उभे राहून पाहू या.

मापाच्या पेठेतले बिनमापाचे घर

बंगळुरूची चिकपेट आपल्यापैकी अनेकांना रेशमी साड्यांसाठी ठाऊक असते. १५३७ मध्ये केंपेगौडांनी हे नगर वसवले, तेव्हा दोड्डपेट आणि चिक्कपेट, म्हणजे मोठी पेठ आणि लहान पेठ, यांच्या चौकातून चार दिशांना चार नांगर धरले आणि त्या रेघांवर मुख्य रस्ते आखले, अशी आख्यायिका सांगतात. भोवती एकेका व्यवसायाची पेठ उभी राहिली. तांदळाची अक्किपेट, बांगड्यांची बळेपेट, तेल्यांची गाणिगरपेट, कुंभारांची कुंबारपेट. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठी बोली या गावाला परकी राहिली नाही.

पुढच्या काळात सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतली गलाईचे काम करणारी कुटुंबे देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन स्थिरावली. जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे म्हणजे गलाई. चिकपेट आणि तिला लागून असलेली नगर्तपेट याही सराफीच्याच पेठा आहेत.

अशा पेठेतले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. खाली काट्यावर मिलिग्रॅमचा हिशेब चालतो. धातूचा कण इकडचा तिकडे होत नाही. वर माडीवरच्या स्वयंपाकघरात मात्र वजनकाटा कधी आलाच नाही. सासूबाईंनी माणदेशाकडची हुलग्याच्या माडग्याची चव हातात घेऊन या गावात संसार मांडला, शेजारणीकडून कन्नड पद्धतीचे सारु शिकल्या आणि दोन्हींची सांगड अंदाजानेच घातली. सून त्यांच्या हाताखाली तयार झाली. तिचाही हात असाच मोकळा.

आता या घरात एक अडचण आली आहे. सासऱ्यांची मूत्रपिंडे पूर्वीसारखी काम करीत नाहीत. आहारतज्ज्ञांनी एक कागद दिला आहे आणि त्यावर सुपाची साधी कृती आहे. दुधी आणि गाजर बारीक चिरा. भरपूर पाण्यात उकळा. ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात मऊ शिजवून घोटा. मीठ घालू नका, टोमॅटो नको, दाटपणासाठी डाळ नको. मिरपूड आणि लिंबाचे चार थेंब चालतील. एका वेळी एकच वाटी.

सून पातेले मोरीपाशी नेते आणि तिचा हात थांबतो. मागून सासूबाई म्हणतात, "अगं, असं पाणी टाकून देतात व्हय? सगळा कस त्यातच असतो की."

प्रेम पुरेसे आहे का?

या घरात कोणीही वाईट नाही, हे आधी लक्षात घ्या. त्या कागदात बदल करावासा वाटतो तो आजारी माणसावरच्या प्रेमापोटीच. बेचव सूप त्यांच्या घशाखाली उतरेल कसे? मग मनात एकेक युक्ती येऊ लागते. पाणी टाकण्याऐवजी त्यातच सूप करू, म्हणजे ताकद मिळेल. मीठ नको म्हणतात, तर बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, ते घालू. थोडा टोमॅटो घातला तर रंग येईल. मूठभर मूगडाळीने काय बिघडणार आहे?

आता या युक्त्यांचे काय होते ते पाहा. निरोगी मूत्रपिंडे अन्नातले जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. ती दुबळी झाली की पोटॅशियम रक्तात साठू लागते, आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळल्या की त्यांतले बरेचसे पोटॅशियम पाण्यात उतरते. ते पाणी टाकायला सांगितले आहे, ते एवढ्यासाठीच. सासूबाई म्हणतात तो 'कस' त्या पाण्यात खरोखरच आहे, पण या एका देहाला तो सोसणारा नाही. कमी सोडियमच्या मिठाची गोष्ट तर अधिक विचार करायला लावणारी आहे. अशा मिठात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी बहुधा पोटॅशियमचाच क्षार घातलेला असतो. निरोगी माणसासाठी तो चांगला पर्याय असू शकतो, पण अशा रुग्णाला तोच घातक ठरू शकतो. टोमॅटो आणि डाळी यांतही पोटॅशियम भरपूर असते.

म्हणजे जी युक्ती सर्वांत हुशारीची वाटत होती, तीच सर्वांत धोक्याची निघाली. प्रेम होते, हुशारी होती, हाताला चव होती. उणीव एकाच गोष्टीची होती. 'असे का सांगितले?' हे कोणी विचारले नव्हते.

वाचकहो, आपल्या आयुष्यातही असे घडते का, हे तपासून पाहा. दुसऱ्याचे भले करताना आपण त्याचे म्हणणे किती वेळा अर्धेच ऐकतो? 'मला कळते त्याला काय हवे ते' असे म्हणत आपण त्याच्या ताटात आपली आवड वाढतो. नाव प्रेमाचे असते आणि चव 'मी'ची असते. हा 'मी' सूक्ष्म असल्यामुळे सहज ओळखू येत नाही. तो रागाच्या रूपाने आला असता तर आपण सावध झालो असतो. तो काळजीच्या रूपाने येतो, म्हणून आपण त्याला आत घेतो.

मग बदल करणे वाईट का?

आता लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. आपली स्वयंपाकाची सारी परंपराच बदलांतून घडली आहे.

कटाची आमटीच घ्या. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचे पाणी उरते. ते वाया कसे घालवायचे? त्याला चिंच, गूळ, काळा मसाला यांची जोड देऊन फोडणी दिली आणि सणाच्या ताटातला एक पदार्थ तयार झाला. कर्नाटकातही होळिगेच्या दिवशी त्याच पाण्याचे सारु करतात आणि त्या पाण्याला कट्टु म्हणतात. भाषा वेगळ्या असल्या तरी चुलीपाशी सुचलेली काटकसर एकच आहे. पाणी टाकू नये हा सासूबाईंचा आग्रह याच संस्कारातून आलेला आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी १६७५ च्या सुमारास तंजावरला गादीवर आले आणि तिथे १८५५ पर्यंत मराठा राज्य टिकले. तंजावरच्या राजवाड्यातली एक गोष्ट दक्षिणेत आवडीने सांगितली जाते. आमटीसाठी आमसूल संपले होते, म्हणून मुदपाकखान्यात चिंचेचा कोळ घातला गेला. ती आमटी आलेल्या पाहुण्यांना, संभाजीराजांना, वाढली गेली आणि त्यांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले. ही दंतकथा आहे आणि ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. तरी ती इतकी वर्षे का सांगितली जाते, याचा विचार करण्यासारखा आहे. तीत बदल करणाऱ्याला आमटी आधीपासून पूर्ण ठाऊक आहे. आमसूल तिथे काय काम करते, म्हणजे आंबटपणा देते, हे त्याला कळते. म्हणूनच तो त्या कामाला योग्य असा दुसरा पदार्थ शोधू शकतो. आमसूल खरोखर संपलेले आहे. बदल गरजेतून आला आहे आणि तो जाणतेपणाने केला आहे.

आता दोन्ही घरे शेजारी ठेवून पाहा. कट ठेवून आमटी करणाऱ्या गृहिणीला पाण्यात काय आहे ते ठाऊक होते आणि ते खाणारी माणसे धडधाकट होती. सासऱ्यांच्या सुपाचे पाणी ठेवू पाहणारा हातही तीच कृती करतो आहे. एका ठिकाणी ती पुण्याची ठरते, दुसऱ्या ठिकाणी अपायाची. म्हणून कोणतीही कृती केवळ तिच्या बाह्य रूपावरून चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही. ती कोणासाठी, कोणत्या कारणाने आणि किती जाणून केली, यावरून तिचे मोल ठरते. यालाच आपण विवेक म्हणतो.

माप म्हणजे बेडी नव्हे

मापात राहून करणाऱ्यांना आपण कधीकधी 'यंत्रासारखे' म्हणून हिणवतो. पण माप लिहून ठेवणे ही मोठी सेवा आहे. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र' या ग्रंथात हजार पाकक्रिया लिहून ठेवल्या. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी नवख्या हातांना धीर दिला. सासर-माहेरापासून दूर, परगावी, परदेशी असलेल्या मुलीला 'बेताचं' या शब्दाचा काय उपयोग? जो समोर उभा राहून शिकू शकत नाही, त्याच्यासाठी लिहिणाऱ्याने आपला अनुभव मापात बांधून ठेवलेला असतो. तो पाळणे म्हणजे त्या न पाहिलेल्या माणसाचे म्हणणे आदराने ऐकणे होय.

वाटीच्या मापात आणखी एक गंमत आहे. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते, तरी पदार्थ बिघडत नाही. कारण सगळ्या जिनसा त्याच वाटीने मोजल्या की त्यांचे परस्परांशी प्रमाण तेच राहते. माप तुमच्या घराला मोकळीक देते आणि पदार्थाचा तोलही सांभाळते. चांगला नियम असाच असतो. तो माणसाला जखडत नाही, तोल शिकवतो.

मात्र कागद सर्वज्ञ नसतो, हेही तितकेच खरे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९७ अंश सेल्सिअसला उकळते. मुंबईत लिहिलेल्या कृतीत 'वीस मिनिटे शिजवा' असे असेल, तर चिकपेटेत उघड्या पातेल्यातल्या डाळीला थोडा अधिक वेळ द्यावा लागेल. घड्याळ पाहून डाळ कच्ची उतरवणारा माणूस आज्ञाधारक असेल, पण त्याला कृती समजलेली नाही. 'वीस मिनिटे' हे साधन होते आणि 'मऊ शिजणे' हे साध्य होते. ज्याने साधनालाच साध्य मानले, त्याने अक्षर पाळले आणि अर्थ गमावला. मनमानी आणि अंधपालन ही दोन्ही न ऐकण्याचीच रूपे आहेत. एकाला दुसऱ्याचे ऐकू येत नाही, दुसऱ्याला समोरच्या पातेल्याचे.

ऐकणे, विचार करणे, आपलेसे करणे

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाचा मार्ग सांगतात. परंपरेने त्यातून श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या घेतल्या आहेत. आधी ऐकायचे, मग त्यावर विचार करायचा, मग ते आपल्यात मुरवायचे. हा क्रम ब्रह्मविद्येसाठी सांगितला असला, तरी सुपाच्या पातेल्यालाही तो लागू पडतो.

पहिल्यांदा कृती जशी आहे तशी करणे हे श्रवण. त्या वेळी आपली आवड थोडी बाजूला ठेवावी लागते. सर्वांत अवघड पायरी हीच आहे, कारण हात सवयीने डब्याकडे जातो. 'ही ओळ इथे का आहे?' असे विचारणे हे मनन. आणि कारण उमगल्यावर ती कृती इतकी आपलीशी होणे, की कागद नसतानाही तिच्या हेतूला धक्का लागत नाही, हे निदिध्यासन. खरी मोकळीक या तिसऱ्या पायरीवर मिळते. पहिल्या दोन पायऱ्या ओलांडून तिसरीवर उडी मारण्याला आपण सर्जनशीलता म्हणतो, पण पुष्कळदा ती अधीरता असते.

आपल्या चिकपेटेतल्या सुनेने काय केले असेल? समजा, तिने मनातली शंका गिळली नाही. तिने आहारतज्ज्ञांना विचारले, "हे पाणी का टाकायचं?" कारण समजल्यावर ती सासूबाईंना म्हणाली, "आत्या, तुमचं खरं आहे. कस पाण्यातच असतो. पण तो कसच आता मामांना सोसत नाही." सासूबाई गप्प झाल्या, कारण त्यांचे शहाणपण खोटे ठरवले गेले नव्हते. त्याला फक्त योग्य जागा दाखवली गेली होती. मग सुनेने आणखी एक प्रश्न विचारला, "चवीसाठी यात काय चालेल?" भाजलेल्या जिऱ्याची पूड, आल्याचा थोडा रस, थेंबभर तेलात कढीपत्त्याची फोडणी यांना होकार मिळाला. एवढ्या जागेत तिच्या हाताचे सगळे कसब कामाला आले. मर्यादा आधी कळली, म्हणून मोकळीक कुठे आहे तेही कळले.

हीच गोष्ट आपल्या साधनेची. अनेकजण ध्यानाची एक पद्धत घेतात, चार दिवसांत तिच्यात स्वतःची भर घालतात, पंधरा दिवसांत तिसरेच काही सुरू करतात आणि महिन्याने म्हणतात, "मला काही अनुभव आला नाही." अनुभव कशाचा येणार? जे सांगितले होते ते एकदाही पूर्ण केलेले नसते. याउलट काहीजण वीस वर्षे तोच क्रम अक्षरशः चालवतात, पण 'हे कशासाठी?' असे एकदाही विचारत नाहीत आणि घरातल्या माणसांशी त्यांचे बोलणे होते तितकेच कडवट राहते. पातेले रोज चुलीवर चढते, पण आत काही शिजत नाही.

बदल करण्यापूर्वी तीन प्रश्न

कोणतीही सूचना, नियम किंवा पद्धत बदलावीशी वाटली, की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : हे जसे सांगितले आहे तसे मी एकदा तरी पूर्ण केले आहे का? केले नसेल तर मी बदलतो आहे ते काय, हेच मला ठाऊक नाही.

दुसरा प्रश्न : हे असे का सांगितले आहे, ते मला कळले आहे का? कळले नसेल तर सांगणाऱ्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि जिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, औषध, पथ्य, यंत्र, वाहन, तिथे विचारल्याशिवाय बदलायचेच नाही. पथ्य तर माणसागणिक वेगळे असते. एका घरचा कागद दुसऱ्या घरी चालत नाही.

तिसरा प्रश्न : हा बदल कोणासाठी? खाणाऱ्यासाठी की करणाऱ्यासाठी? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला थोडा वेळ लागतो. त्यासाठी एक सोपी खूण आहे. बदल केल्याचे कोणालाही कळणार नसेल आणि त्याचे श्रेयही मिळणार नसेल, तरीही तो करावासा वाटेल का? उत्तर 'हो' असेल, तर तो बदल बहुधा समोरच्यासाठी आहे.

या तिन्ही प्रश्नांतून जो बदल पार पडेल, तो निःसंकोच करा. तसे बदल करणारी माणसे नसती, तर आपल्या ताटात कटाची आमटीही आली नसती.

या आठवड्यात एक छोटा प्रयोग करून पाहा. दुसऱ्या कोणाची तरी एक पाककृती मागून घ्या, शक्यतो ज्यांची पद्धत तुम्हाला पटत नाही अशा कोणाची. ती एकदा, एकही जिन्नस न बदलता करा. करताना हात कुठे कुठे अडला, मन कुठे कुठे म्हणाले 'मला यापेक्षा चांगले येते', ते फक्त पाहा. मग पदार्थ घरच्यांना वाढा आणि त्यांना काय वाटले ते ऐका. मराठीत 'सार' हा शब्द पातळ कालवणालाही आहे आणि मर्मालाही. पहिले सार तुम्हाला त्या कागदातून मिळेल. दुसरे तुमच्या अडलेल्या हाताकडे पाहताना हाती लागेल.